सुंदरबाईनं दिलेली किडनी

चौसाळ्याच्या पुढं हायवे सोडून आत पाच-सहा किलोमीटर गेलं की रामकिसनचं गाव लागतं. त्याची थोरली बहीण सुंदरबाई शिरूर कासारकडं दिलेली. दोघांत बारा वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा रामकिसन चार वर्षांचा होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून शाळेत नाव घालण्यापर्यंत सगळं सुंदरबाईनंच केलं. लग्न होऊन सासरी गेली तेव्हा त्यालाही सोबत नेलं आणि दोन वर्षं तिथंच ठेवून घेतलं. सासू बोलायची ते ऐकून घेतलं.

बाकी तिचं आयुष्य त्या तालुक्यातल्या शेकडो बायांसारखंच. दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघायचं, ते उन्हाळा लागल्यावर परत यायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशीच तिकडं मोजणी. शहादेव ऊस तोडायचा आणि सुंदरबाई मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन, फळीवरून ट्रकवर चढवायची. असे अठ्ठावीस हंगाम झाले. पोरी तिथंच पाचटाच्या कोपीत वाढल्या, तिथूनच लग्नं ठरून गेल्या. सलग महिनाभर पडून राहायला तिला मिळालं ते एकदाच, भावाला किडनी दिली तेव्हा.

रामकिसन गावच्या सहकारी दूध संस्थेत टेस्टर होता. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, डिग्री बघायची, फॅट लावायची. हाताला चोख माणूस. चेअरमन आश्रुबाच्या घरचं दूध पातळ निघालं तर तेही तोंडावर सांगायचा. पस्तिशी गाठायच्या आत त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीपी कधीपासून वाढलेलं होतं ते त्याला ठाऊकच नव्हतं. पाय सुजले, उलट्या सुरू झाल्या आणि मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दीड वर्ष तो बीडला जात-येत राहिला. त्याची बायको बायनाबाई किडनी द्यायला तयार होती, पण जुळली नाही. सुंदरबाईची जुळली.

"एका किडनीवर मोळी उचलशील का?" शहादेवनं विचारलं. आडवं यायचं म्हणून नव्हे, माहीत नव्हतं म्हणून.

"डाक्टर म्हनले, सा म्हैन्यानं समदं करता येतंय."

"आन् न्हाई आलं तर?"

"न्हाई आलं तर बसंन घरी. आज कोन मला बसू देतंय?"

दोन हजार बाराच्या दसऱ्यानंतर औरंगाबादच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. शहादेवनं त्या साली चुलतभावाला जोडीला घेतलं आणि तोडीला गेला. सुंदरबाई डाव्या कुशीतली जखम सांभाळत भावाच्याच घरी राहिली. वाचता येत नव्हतं, पण रामकिसनच्या गोळ्या तिला रंगावरून पाठ झाल्या. जांभळट गोळी दोनदा, पांढरी कॅप्सूल ठरल्या वेळी, आणि एक मोठी गुलाबी गोळी. ती फक्त तीन महिने घ्यायची होती. कशासाठी, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्या दिवशी इतकं काही सांगितलं होतं की घरी पोचेपर्यंत निम्मं निसटलं.

ते साल दुष्काळाचं. तळं डिसेंबरातच उघडं पडलं. जानेवारीत संस्थेनं तळ्याच्या कडेला चारा छावणी उघडली आणि गावातली सगळी जनावरं तिकडं गेली. जनावरं छावणीत, म्हणून दूधही छावणीतच गोळा होऊ लागलं. पत्र्याखाली टेबल, दोन कॅन आणि फॅटचं मशीन. रामकिसनला डॉक्टरांनी हलकं काम करायला परवानगी दिली होती. आश्रुबानं निरोप पाठवला, की तुझ्याइतकं नीट कुणाला जमत नाही, बसून तर करायचंय.

सुंदरबाईनं नको म्हणून सांगितलं. छावणीत धुरळा केवढा. चाऱ्याला आणलेलं उसाचं वाढं तुडवून त्याचा भुगा हवेत, वर शेणाचा वास, हजारभर जनावरं आणि त्यांच्यापाशी राहणारी माणसं. रामकिसन तोंडाला मास्क लावून गेलाच. दीड वर्ष तो कुणाच्या तरी आधारावर जगला होता. आता त्याला कामावर जायचं होतं.

गुलाबी गोळी ठरल्याप्रमाणे संपली. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी त्याला बारीक ताप येऊ लागला. आधी वाटलं ऊन लागलं. मग कोरडा खोकला. जेवणाचं नाव घेतलं की तोंड फिरवायचा. छावणीतून घरी चालत यायला आधी दहा मिनिटं लागायची, आता वाटेत दोनदा थांबायचा.

"म्या सांगितलं व्हतं ना, धुरळा हाय म्हनून," सुंदरबाई म्हणाली. तिनं हे इतक्यांदा म्हटलं की शेवटी बायना वैतागली.

"आक्का, आता ते बोलून काय व्हनार हाय? दवाखान्यात न्या की."

जवळच्या डॉक्टरनं छातीत कफ झालाय म्हणून पाच दिवसांची औषधं दिली. ताप गेला नाही. दुसऱ्यानं फोटो काढायला लावला. फोटोत दोन्ही फुप्फुसांवर धुकं पसरल्यासारखं दिसत होतं. टीबी असावा, असं तो म्हणाला. त्या भागात खोकला लांबला की पहिलं टीबीच आठवतं. थुंकी तपासली, काही निघालं नाही. परत तपासली, परत काही नाही. यात बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी सकाळी रामकिसन अंथरुणावर उठून बसला तो बोलू शकेना. एक शब्द, मग दम, मग दुसरा शब्द. ओठ काळपट पडले होते.

आश्रुबानं स्वतःची जीप दिली. छावणीसमोरून जाताना रामकिसननं हात वर केला, पण जीप थांबली नाही. बीडपर्यंत बायना त्याला पदरानं वारा घालत होती. बीडला ऑक्सिजनची नळी लावून पुढं औरंगाबादला नेलं. सुंदरबाई ड्रायव्हरमागच्या सीटवर कुशीला हात लावून बसली होती. खड्डा आला की जखमेत अजून कळ यायची. ती तसं कुणाला सांगायची नाही.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. रक्त घेतलं, छातीचं स्कॅन केलं. दुसऱ्या दिवशी नाकातून दुर्बीण आत घातली, फुप्फुसात थोडं पाणी सोडून तेच परत ओढून घेतलं आणि ते तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी दोघींना बाहेर बोलावलं.

"टीबी नाही, धुळीचंही काही नाही," ते म्हणाले. "हा एक विषाणू आहे, सीएमव्ही म्हणतात त्याला. कांजण्या, नागीण ज्या कुळातल्या विषाणूंमुळं होतात, त्याच कुळातला. धडधाकट माणसाला तो काही करत नाही. पण किडनी बसवलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती आपण औषधांनी खाली ठेवलेली असते. अशा माणसाच्या फुप्फुसात शिरला की असा न्यूमोनिया होतो. ती गुलाबी गोळी ह्याच्यासाठीच होती. ती थांबल्यावर काही जणांना होतो."

"पर त्यांना ह्यो लागला कुठून?" बायनानं विचारलं.

डॉक्टरांना खोटं बोलायची सवय नसावी. "ऑपरेशनच्या आधी दोघांचं रक्त तपासलं होतं. मावशींच्या अंगात तो होता, यांच्या अंगात नव्हता. त्यामुळं बहुतेक किडनीबरोबरच आला असणार. ते तेव्हा आपण बोललो होतो. दुसरा दाता नव्हता, आणि यावर औषध आहे."

डॉक्टर आत गेले. दोघी बाकावर बसल्या. समोर कुणीतरी फरशी पुसत होतं. बायना म्हणाली, "म्हंजी तुमच्या आंगातूनच आलं म्हना की, आक्का."

ती रागानं बोलली नव्हती. तिच्यात राग उरलाच नव्हता, चार दिवस ती पाठ टेकून झोपली नव्हती. जे ऐकलं ते तिनं नुसतं आपल्या भाषेत म्हणून बघितलं. सुंदरबाईनं मान हलवली, रामकिसनचे मळलेले कपडे पिशवीत भरले आणि खाली नळावर गेली. तिथं तिनं एकच सदरा तीनदा धुतला.

दोन दिवस ती वॉर्डात आत गेली नाही. दारातूनच बघायची. बायनानं दोनदा बोलावलं, तर म्हणाली, "नगं. तू हाईस ना."

वॉर्डात नसीम नावाची सिस्टर होती. मूळची बीडची, वडील तिथं फळांचा गाडा लावायचे. आपल्याकडची माणसं आलीत म्हटल्यावर ती जाता-येता बोलायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं सुंदरबाईला दाराशी उभी बघितलं.

"मावशी, आत का येत नाही? तोंड-नाक झाकलं की झालं."

"माज्याकडूनच लागलंय ना त्याला. आजून काय जाईल, काय सांगावं."

नसीमनं हातातला ट्रे ठेवला. "कुणी सांगितलं असं? अहो, हा विषाणू माझ्याही अंगात असेल. त्या बाईंच्या असेल, बाहेर चहा विकतो त्याच्या असेल. लहानपणी आईच्या दुधातून, कुणाच्या लाळेतून येतो आणि जन्मभर अंगात झोपून राहतो. आपल्याला कळतपण नाही."

"मंग मला कावून काई झालं न्हाई?"

"तुमचं अंग त्याला झोपवून ठेवतं. दादांच्या अंगाला ते जमत नाही, कारण आपणच त्याची ताकद गोळ्यांनी कमी केली. ताकद तशीच ठेवली असती तर त्यांच्या अंगानं तुमची किडनी परकी म्हणून हाकलून दिली असती."

सुंदरबाई विचारात पडली. "आमी एका ताटात जेवलोत. म्या त्याला घास चावून चारलाय. तवा कसं लागलं न्हाई?"

"नाही लागला तेव्हा. ते काही कुणाच्या हातात नसतं," नसीम म्हणाली. "तुम्ही किडनी दिली नसती तर दादा अजून मशीनवर असते, नाहीतर नसतेच. चला आत. तुमची वाट बघतायत ते."

ती आत गेली. रामकिसनच्या नाकात नळी, हाताला सलाईन. दिवसातून दोन वेळा त्या विषाणूवरचं इंजेक्शन तासभर चालायचं. आणि डॉक्टरांनी त्याची जांभळट, अंगाची ताकद कमी करणारी गोळी बंद केली होती. शरीराला विषाणूशी झगडायला थोडी मोकळीक मिळावी म्हणून. त्यात किडनीला धोका होता आणि तो त्यांनी रामकिसनला समजावून सांगितला होता. आधी फुप्फुस वाचवू, किडनीचं मग बघू, असं ते म्हणाले होते. रामकिसननं मान हलवून हो म्हटलं होतं.

पण आठवडा झाला तरी ताप उतरेना. ऑक्सिजन कमी केला की बोटावरच्या यंत्रातला आकडा खाली यायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढायला हव्या होत्या, त्या वाढेनात. डॉक्टर रोज कागद बघायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. औषध लागू पडत नाही की काय, असं ते नसीमशी बोलताना बायनानं ऐकलं.

दहाव्या दिवशी सकाळी सुंदरबाई भावाची उशी झटकत होती. अभ्र्यात काहीतरी खुडखुडलं. हात घालून बघितलं तर गोळ्यांची पाकिटं. घरून आणलेली, जांभळट गोळ्यांची. एक सगळं रिकामं, दुसरं अर्ध्यावर.

घरून निघताना ती कोरी दोन पाकिटं तिनंच पिशवीत टाकली होती. तिला मोजायची गरजच पडली नाही.

"रामा," ती म्हणाली, "ह्ये काय हाय?"

त्यानं डोळे मिटून घेतले.

"बंद केली ना ही? डाक्टरनी बंद केली ना?"

"आक्का, हळू बोल."

"कवापासून खातुयास?"

"पहिल्यापासून." त्याला दम लागत होता. दोन शब्दांत थांबत तो म्हणाला, "ही बंद केली की... किडनी जाती. डाक्टर म्हनलेत. तुजी किडनी हाय ती."

"मंग?"

"तू कोयत्यातनं उठलीस माज्यापायी. दाजी चुलतभावासंगं गेलेत. रामहरी मुकादम पुढच्या साली तुला तोडीला घेतो का न्हाई, कुनाला ठावं. येवढं करून मी पाच म्हैन्यात ती घालवू? कोन्त्या तोंडानं?"

सुंदरबाई पलंगाच्या कडेला बसली. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. बाजूच्या पलंगावरचा म्हातारा दोघांकडं बघत होता.

"तू मेल्यावर त्या किडनीला मी काय करू, सांग बरं," ती म्हणाली. "मला परत लावत्यात का ती? म्या काय जपून ठिवाया दिली व्हती? तू उठून डेरीवर जाशील, बायनाच्या हातचं जेवशील, म्हनून दिली. जायची तर जाऊ दे. परत मशीनवर बस. बसलाच व्हतास ना दीड वरीस? पर त्यासाठी तू ऱ्हायला पायजेस का न्हाई?"

रामकिसनच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं उतरलं आणि नळीच्या पट्टीखाली मुरलं. सुंदरबाईनं ते पुसलं, दोन्ही पाकिटं उचलली आणि नेऊन नसीमच्या टेबलावर ठेवली. भावाची चुगली केल्यासारखं वाटलं तिला, पण तिनं ते केलं.

डॉक्टर लई चिडले. रामकिसनला बोलले, मग सुंदरबाईलाही बोलले, की तुम्ही सोबत असून हे तुम्हाला कळलं कसं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग त्यांनीच स्वतःला सावरलं, खुर्ची ओढून रामकिसनशेजारी बसले आणि त्याला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. त्या दिवसापासून गोळ्या नसीमसमोर घ्यायच्या, असं ठरलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी ताप उतरला. एकदम काही घडलं नाही, सकाळी अंग गार लागलं आणि संध्याकाळीही गारच राहिलं. पेशी हळूहळू वाढल्या. नाकातली नळी आधी तासभर, मग दुपारभर काढून ठेवू लागले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी रामकिसन भिंतीला धरून संडासापर्यंत गेला आणि परत येऊन इतका थकला की दोन तास झोपला. पण किडनीनं मार खाल्ला होता. किडनीचं काम दाखवणारा रिपोर्टमधला आकडा एक पूर्णांक दोनवरून वर चढला तो पुन्हा खाली आलाच नाही. चालेल, डॉक्टर म्हणाले, पण किती वर्षं ते सांगता येणार नाही.

मेच्या मध्यात ते घरी आले. छावणीत पाण्याचा टँकर दोन दिवसांआड येत होता आणि संस्थेकडं सकाळचं दूध एक कॅनसुद्धा भरत नव्हतं. रामकिसनला छावणीत जायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. आश्रुबा एक दिवस येऊन दारात बसला, आत आला नाही. म्हणाला, "तुज्यावाचून फॅटचा घोळ चाललाय रं. कोन बी येतंय आन् आपल्याच मनानं लिवतंय."

"मी जाते," बायना आतून म्हणाली.

आश्रुबा हसला, मग ती हसत नाही हे बघून गप्प झाला. रामकिसननं तिला घरीच ओट्यावर बसून शिकवलं. दूध किती घ्यायचं, आम्ल किती, मशीन किती वेळ फिरवायचं. महिन्याभरात ती टेबलावर बसू लागली. बाईमाणूस फॅट लावतंय म्हणून चार दिवस लोक बघायला आले. मग दुष्काळानं लोकांना दुसरीकडं बघायला लावलं.

बायना दवाखान्यातल्या बाकावर बोलली ते वाक्य दोघींनीही पुन्हा कधी काढलं नाही. एकदा फक्त सुंदरबाई सासरी परत निघाली तेव्हा बायनानं तिची पिशवी हातातून घेतली आणि फाट्यापर्यंत उन्हात चालत आली. एसटी यायला उशीर होता. "आक्का, तवा मी..." असं म्हणून ती थांबली. सुंदरबाई म्हणाली, "जा तू. संध्याकाळचं दूध यील आता."

पुढच्या दसऱ्याला तोडीची टोळी जमवणाऱ्या रामहरी मुकादमानं खळखळ केलीच. एका किडनीची बाई म्हणजे अर्धा कोयताही नाही, असं त्याचं म्हणणं. शहादेवनं सांगितलं, मोळ्या मी चढवीन, ती बांधील. तसे दोन हंगाम काढले. तिसऱ्या हंगामाला ती पुन्हा फळीवर चढू लागली, कारण शहादेवच्या गुडघ्यानं दगा दिला होता. तिला दम लागायचा, पण दम सगळ्यांनाच लागतो, असं ती म्हणायची.

किडनी सहा वर्षं चालली. दोन हजार एकोणीसच्या जानेवारीत, सुंदरबाई कर्नाटकात तोडीवर असताना, रामकिसनचा फोन आला. आधी त्यानं दाजींची तब्येत विचारली, मग पोरींचं विचारलं, मग नुसताच गप्प राहिला.

"थांबली का?" तिनं विचारलं.

"व्हय. कालपासून मशीन सुरू केलंय. बीडलाच."

"बरं," ती म्हणाली. "दम-बिम न्हाई ना? खोकला?"

"न्हाई. फुप्फुस चांगलं हाय."

"मंग बरं."

फोन ठेवून ती तोडलेल्या उसाच्या सरीत थोडा वेळ बसली. शहादेवनं काय झालं म्हणून विचारलं, तिनं सांगितलं. तोही तिच्याजवळ येऊन बसला. मग ट्रक आला.

उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर ती गावी आली आणि दुसऱ्याच दिवशी बीडला गेली. रामकिसन मशीनवर होता. चार तास लागणार होते. तिला बघून त्यानं मोकळा हात वर केला. तिनं खुर्ची ओढली, बसली, प्रवास कसा झाला ते सांगायला लागली आणि सांगता सांगता तिचा आवाज झोपेनं जड झाला. रात्रभर ती ट्रकमधून आली होती. रामकिसनचाही डोळा लागत होता, मशीनवर असताना त्याला तसं नेहमीच व्हायचं. सकाळचं दूध गाडीत घालून बायना दुपारी डबा घेऊन आली, तेव्हा दोघंही झोपलेली होती. तिनं डबा खाली ठेवला, पायातल्या चपला काढल्या आणि त्यांना न उठवता भिंतीला टेकून बसली.